आजींचा बेल्ट

गेली २२ वर्षं मी मुंबईत दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. सध्याची गाडी शिवाजी पार्कच्या एका साहेबांची, लांबलचक काळी सेदान. बटण दाबलं की मागची सीट आरामखुर्चीसारखी मागे कलते. डिलिव्हरी घेताना शोरूमच्या मुलाने एअरबॅगांचं अर्धा तास कौतुक केलं, मागच्या बेल्टबद्दल मात्र अवाक्षर नाही. आठवड्याभरात घरच्यांनी कव्हरं घातली आणि मागची बकलं त्यांच्याखाली गेली.

ती कव्हरं मीच हट्टाने काढायला लावली. सीटच्या कडेला, शिवणीच्या आत, बाजूची एअरबॅग असते. वरून घट्ट कव्हर असलं तर ती फुटायच्या वेळी अडते. आणि बकल सापडत नसेल तर बेल्ट कोण लावणार?

एअरबॅग असली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. १९८१ साली मर्सिडीजने एस-क्लास या आपल्या महागड्या गाडीत एअरबॅग दिली, तेव्हा ती चालकाच्या स्टिअरिंगमध्ये होती. शेजारच्या प्रवाशाला मिळाला तो टक्कर होताच बेल्ट आवळणारा टेन्शनर. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला असते, त्याच्या जागी नाही. मागच्या प्रवाशासाठी समोरून फुगणारी एअरबॅग त्याच एस-क्लासमध्ये यायला २०२० उजाडलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरमधल्या चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती. ते मागे बसले होते, बेल्ट नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. मागचा माणूस मोकळा असेल तर धडकेत तो पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्याच पाठीवर येतो. दोघंही जातो.

नंतर एकदा पनवेलकडून येताना मानखुर्दला एका टेम्पोने कट मारला. मी कचकन ब्रेक मारला. मागे साहेबांच्या आई होत्या, ८१ वर्षांच्या. बेल्ट लावलेला होता, पण सीट कलती करून झोपल्या होत्या. थोडं खरचटण्यावर निभावलं, तरी मागे वळून पाहिलं तर खालचा पट्टा कमरेवरून सरकून पोटावर चढलेला. जोराची धडक असती तर तोच पट्टा पोटात रुतला असता. तो कमरेच्या हाडावर बसायला हवा, वरचा खांद्यावरून छातीवर, मानेला न घासता. सीट कलली की हे सगळं बिघडतं.

तेव्हापासून गाडी चालू असताना सीट सरळ, हा माझा नियम. साहेब आधी म्हणाले, "अरे, दादर ते परळ, त्यात काय होणार?" मी म्हटलं, "साहेब, बेल्ट लागल्याशिवाय मी गिअर टाकणार नाही." ते गप्प बसले, मग लावला.

आजी आता गाडीत बसल्या की आधी पदर सारखा करतात, पट्टा स्वतःच कमरेखाली ओढतात आणि आरशात माझ्याकडे बघून म्हणतात, "लावला रे बाळा, चल."