नवसाचं पोर

वैजापूर तालुक्यातल्या त्या मळ्यात गेलो तेव्हा कापूस वेचणी चालू होती. निरोप आईचा होता : पोरगं बारावीला आहे, परीक्षा झाली की सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक फादर घडवणाऱ्या संस्थेत, घ्या. बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा, आईबापांच्या लग्नाचा, सगळे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत तयार. इतकी तयारी दिसली की मी जरा सावध होतो.

वडिलांचे प्रश्न रोकडे होते. किती वर्षं? पूर्वतयारी, तत्त्वज्ञानाची निदान २, ईशज्ञानाची ४, मध्ये कामाचा अनुभव, बहुधा पदवीही; दहा-बारा धरून चाला. वयाची २५ पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा, म्हणजे फादर होणं, नाही; त्याआधी किमान ६ महिने डीकन, ती फादरच्या आधीची पायरी.

"अन् जमीन?"

धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या हाताखालचा, फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाही, सातबाऱ्यावर नाव राहू शकतं. जेझुइटांसारख्या व्रतस्थ संघात गेला तर गोष्ट वेगळी, कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. म्हणून पोरगं नेमकं कुठं जातंय ते आईबापांनी आधी विचारावं. बहुतेक जण विचारत नाहीत.

"मधीच माघारी आला तर?"

धर्मप्रांताच्या सेमिनरीतून डीकन होण्याआधी कधीही येऊ शकतो. नंतर मात्र ब्रह्मचर्यातून मोकळीक फक्त पोप देतात. खरी अडचण गावाची. म्हणून आधीच गावजेवण घालू नका, घरात 'फादर' अशी हाक मारू नका. लाजेपायी कित्येकांची परतीची वाट बंद होते.

मग मुलाला एकट्याला बांधावर नेलं. हे मी कधीच चुकवत नाही. तो बराच वेळ पायानं ढेकळं फोडत राहिला.

"आईनं नवस बोललाय. ल्हानपणी लई आजारी होतो."

"आणि तुला?"

"आयटीआय करायचंय. चर्चबी आवडतं, फादर."

घरात येऊन आईला सांगितलं : ताई, चर्चच्या कायद्याचं, कॅनन लॉचं, १०२६ वं कलम म्हणतं, दीक्षा घेणारा मोकळ्या मनाचा हवा, सक्ती करायची नाही आणि लायक असेल त्याला अडवायचंही नाही. ११९३ वं म्हणतं, नवस बोलणाऱ्यालाच बांधतो.

"मंग माझ्या नवसाचं?"

तुमच्या धर्मग्रामाचे फादर त्यातून मोकळं करू शकतात, त्यांच्याशी बोला.

बाई पदर डोळ्याला लावून बसल्या. वडिलांनी चहा टाकायला सांगितला.

ठरलं ते एवढंच : बारावीनंतर आयटीआय, महिन्यातून एकदा माझ्याशी भेट, आणि ट्रेड पुरा झाल्यावरही ओढ राहिली तर अर्ज. दाखल्यांची पिशवी परत दिली. बाप्तिस्म्याचा दाखला तेव्हा नवाच काढावा लागेल.