तुम्ही विचारलंत म्हणून : रोजचं एक पान

परवा एका लग्नात जेवताना शेजारच्या मुलीने तोच प्रश्न विचारला. "तुम्ही लॉकडाऊनमध्ये एकट्या होतात आणि तरी रोज लिहायचात म्हणे. एवढी उमेद कुठून आणलीत?" ती घरून काम करते, दोन-दोन दिवस कुणाशी बोलणं होत नाही. डायरी आणली आहे, पण चौथ्या पानावर अडली आहे. पंगत उठली आणि माझं उत्तर अर्धवटच राहिलं. हा प्रश्न आजवर इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर सांगते.

उमेद नव्हती. तिथूनच सुरुवात करायला हवी.

२०२० च्या मार्चमध्ये मी पुण्यात एका खोलीच्या घरात एकटी होते. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. मंगळवारी रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा उजाडला. कडुलिंबाची डहाळी नाही, साखरेची गाठी नाही. वेताच्या छडीला ओढणी बांधून खिडकीत गुढी उभी केली आणि तिच्याकडे बघत बसले. पेपर घरी येणं बंद झालं होतं. ऑफिसने पगार अर्धा केला आणि काम मात्र तेवढंच ठेवलं. हळूहळू सकाळ कधी झाली आणि संध्याकाळ कधी, हेही लक्षात येईना.

फोन होते, नाही असं नाही. आत्या रोज संध्याकाळी फोन करायची. ती श्रीवर्धनजवळ राहते, माड-पोफळीची वाडी आहे, घरात ती आणि पुतण्याचं कुटुंब. आमचं बोलणं असं व्हायचं:

"जेवलीस का गो?"

"जेवले."

"आज काय केलंस?"

"काही नाही."

मग दोन्हीकडून शांतता. तिचं माझ्यावर किती प्रेम आहे मला माहीत आहे, पण त्या फोननंतर मला जास्तच रिकामं वाटायचं. माझ्या दिवसात तिला सांगण्यासारखं काही उरलंच नाहीये, असं वाटायचं आणि तेच फार लागायचं.

घरात बँकेने नववर्षाला दिलेली एक डायरी पडून होती. दर पानावर तारीख छापलेली, एका दिवसाला एक पान. २९ मार्चला, रविवारी, मी ती उघडली आणि ठरवलं की आत्याला आज फोनवर 'काही नाही' म्हणायचं नाही, काय झालं ते लिहून पाठवायचं. पण लिहायचं काय? दिवसभरात मला एकच माणूस दिसलं होतं, कचरा न्यायला येणारी ताई. पुण्यात आमच्या भागात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा गोळा करतात. सगळं शहर दारं लावून बसलं होतं तेव्हाही त्या येत होत्या. मी लिहिलं की सव्वाआठला बेल वाजली. ताईच्या तोंडाला पदर होता. तिने ओल्या कचऱ्याची बादली उपडी केली आणि विचारलं, "बऱ्या आहात नव्हं?" मी हो म्हटलं आणि ती जिना उतरून गेली. एवढंच. पानाचा फोटो काढून पुतण्याच्या मुलीच्या फोनवर पाठवला. ती तेव्हा आठवीत होती. आत्याला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून ती ओट्यावर बसून वाचून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा मेसेज आला, "आजी विचारते, त्या बाईच्या हातात मोजे होते का?"

मला सांगताच येईना. वर्षभर ही बाई माझ्या दारात येतेय, कालच मी तिच्यावर अख्खं पान लिहिलं आणि तिचे हात मी पाहिलेच नव्हते.

पुढच्या सकाळी बेल वाजायच्या आधीच मी दारात उभी राहिले. उजव्या हातात रबरी मोजा होता, अंगठ्याजवळ फाटलेला. डाव्या हाताला दुधाची पिशवी गुंडाळून वर दोरा बांधलेला. तो दोरा ती दाताने घट्ट करत होती आणि त्यासाठी दर वेळी तोंडावरचा पदर खाली घेत होती. मी स्वयंपाकघरातले भांडी घासायचे मोजे आणून दिले. तिने ते घातले, बोटं उघडमीट करून बघितली आणि म्हणाली, "जरा मोठे हायेत, पण चालतंय." संध्याकाळी मी हे सगळं लिहिलं. पानाच्या पंचवीस ओळी पुरल्या नाहीत, कडेच्या मोकळ्या जागेत उभं लिहावं लागलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर इथे आहे. मला सुचायला लागलं ते लिहायला बसल्यावर नाही, सकाळी दारात उभं राहिल्यावर. कुणीतरी पुढे विचारणार आहे, हे माहीत असलं की डोळे आपोआप उघडतात. दळण कुठे मिळतंय, समोरच्या इमारतीतले आजोबा गच्चीवर किती फेऱ्या मारतात, वरच्या मजल्यावर मिक्सर किती वाजता लागतो, हे सगळं मी पाहू लागले, कारण संध्याकाळी साडेसातला त्याची कुणीतरी वाट बघणार होतं. उमेद आधी आणि लिखाण नंतर असं माझं झालंच नाही. आधी आत्याचा प्रश्न आला, मग लिखाण, आणि बऱ्याच दिवसांनी एकदा लक्षात आलं की आपण सकाळी लवकर उठायला लागलोय.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात दाबून ठेवलेल्या दुःखद प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. त्या प्रयोगातलं लिखाण कुणाला पाठवायचं नव्हतं. मी त्याचा मान राखते, पण माझा अनुभव वेगळा आहे. मनातलं कागदावर ओतायचा प्रयत्न मीही दोन-तीनदा केला. पाच मिनिटांत त्याच त्या भीतीभोवती फिरायला लागायचे आणि आणखी खचायचे. मला बाहेर बघणं तारून गेलं, आणि बाहेर बघायला लावणारं माणूस.

एप्रिलच्या मध्यापर्यंत पान चार घरी जाऊ लागलं. मस्कतला नोकरी करणारी शाळेतली मैत्रीण, नाशिकला राहणारे आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक काका आणि समोरच्या इमारतीतली एक बाई, जिच्याशी माझी ओळखच खिडकीतून झाली. चारांच्या वर मी कधी गेले नाही. चार माणसं आठवून लिहिता येतं. काकांना आकडे आवडतात म्हणून कांद्याचा भाव लिहायचा, मैत्रिणीला पुण्याचं ऊन-पाऊस हवं असायचं.

सगळी पानं चांगली होती असं अजिबात नाही. मे महिन्यातलं एक पान माझ्यासमोर आत्ता उघडं आहे. त्यावर तीन ओळी आहेत : 'डोकं दुखतंय. पोळी करपली. आज कुणाशीच बोलावंसं वाटत नाही.' हे पाठवू की नको असं झालं होतं, तरी पाठवलं. मैत्रिणीचं उत्तर दोन मिनिटांत आलं, आजवरचं सगळ्यात लवकर. तिने लिहिलं होतं, 'माझंही.' ती तिथे विमानं बंद म्हणून अडकली होती, इकडे तिची आई आजारी होती, आणि हे तिने तोवर आम्हाला कुणाला सांगितलंच नव्हतं. पुढे जूनअखेरीस, परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने ती मुंबईला उतरली आणि सात दिवस हॉटेलच्या खोलीत विलगीकरणात राहिली. त्या सात दिवसांत ती आम्हाला पानं लिहायची. पहिल्या पानात तिने खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पिंपळाच्या एका फांदीबद्दलच लिहिलं होतं. वाचून मी तिला विचारलं, 'पानं कोवळी आहेत की जून?'

आणि मग ३ जून. हे मला सांगितलंच पाहिजे.

निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, आणि श्रीवर्धन, दिवेआगर अगदी त्याच्या तोंडाशी. सकाळी अकराला आत्याशी बोलणं झालं होतं. "समुद्राचा आवाज बदललाय गो," एवढंच म्हणाली. त्यानंतर फोन लागला नाही. वीज गेली, टॉवर पडले, झाडांनी रस्ते अडले.

त्या संध्याकाळी पान लिहायचं का, हा प्रश्नच होता. मी लिहिलं. पुण्यातही वारा होता, आमच्या गल्लीत गुलमोहर पडला होता, त्याबद्दल लिहिलं आणि फोटो पाठवला. एकच टिक आली. दुसऱ्या दिवशीच्या पानाला एकच टिक. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. माझा अख्खा दिवस ती दुसरी टिक बघण्यात जायचा. आत्या जिवंत आहे, घराची कौलं उडाली पण माणसं सुखरूप आहेत, हा निरोप सहाव्या दिवशी महाडच्या एका नातेवाइकाकडून मिळाला. तरीही तिचा आवाज नव्हताच. मी लिहीत राहिले. कुणी ऐकत नसताना लिहिणं म्हणजे काय, ते त्या दिवसांत मला कळलं. ते फार जड होतं. पण थांबले असते तर तिची वाट बघणं सोडल्यासारखं झालं असतं.

अठराव्या दिवशी दुपारी फोनवर एकापाठोपाठ एक दुसऱ्या टिका उमटल्या. मुलगी फोन घेऊन कुणाच्या तरी गाडीतून रेंज मिळेल तिथवर गेली होती. सगळी पानं उतरवून घेतली, घरी परतली आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आत्याला अठरा पानं सलग वाचून दाखवली.

त्यानंतर आत्याने पहिल्यांदा स्वतःचं पान सांगितलं आणि मुलीने वहीच्या कागदावर उतरवून घेतलं. वादळाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. झाडांची मोजदाद होती. माड एकवीस, त्यातले सात उभे. पोफळी दोनशेच्या आसपास, उभ्या किती ते अजून मोजवत नाही. विहिरीकडची जायफळ मुळासकट आडवी. आजोबांनी लावलेला कोपऱ्यातला रायवळ आंबा आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला मान आहे, पण रोप लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात, आणि आत्या तेव्हा शहात्तर वर्षांची होती. हे हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात. पानाच्या शेवटी होतं, 'पडलेल्या पोफळींच्या जागी रोपं लावायची आहेत. तू कुठल्या रांगेपासून सुरुवात करशील?'

मला वाडीतलं काही कळत नाही. तरी मी डोळे मिटून विहिरीपासून गडग्यापर्यंतच्या रांगा आठवल्या आणि लिहिलं, विहिरीकडून. तिने तसंच केलं. खरं म्हणजे पाण्याच्या सोयीसाठी तिने तसं केलंच असतं, पण मला विचारून केलं.

पंगतीतल्या त्या मुलीचा नंबर मी घेऊन ठेवलाय. काल रात्री तिला मेसेज केला, 'आज तुझ्या खिडकीतून काय दिसलं?' उत्तर आलं, 'काही नाही.' मग थोड्या वेळाने आणखी एक, 'समोरच्या गॅलरीत एक काका कुंडीतली माती चाळतात.'

मी विचारलंय, कशाने चाळतात.