४२९ कोटींची हुलकावणी

४,२९,४९,६७,२९७. एकमस्थानी ७, म्हणजे २ आणि ५ यांचा प्रश्नच मिटला. अंकांची बेरीज ५९, तेव्हा ३ सुद्धा बाद. ७, ११, १३ लावून पाहा, एकानेही भाग जात नाही. चेहरा असा साळसूद, की कुणीही मूळ संख्या म्हणून सोडून द्यावी.

फर्मासारखा गणितीही इथेच फसला. २ चा ३२ वा घात करून त्यात १ मिळवला की ही संख्या येते. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घ्या, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ! मग घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून कळवलं. १७२९ मध्ये गणिती गोल्डबाखने तरुण गणिती ऑयलरला त्याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये उत्तर आलं: ६४१ × ६७,००,४१७.

सरळ भागाकार करत बसलं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ च्या आतल्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतात. पण या संख्येला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. याची सिद्धता ऑयलरने नंतर दिली. ही चाळणी लावली की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

त्याहून देखणी गोष्ट म्हणजे ६४१ चा भाग जातो हे प्रत्यक्ष भागाकार न करताच दिसतं. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणजे ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी उणे १ (पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात केला की ६२५ × २^२८ ची बाकी १. आता ६४१ = ६२५ + १६, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा. उणे २^३२ ची बाकी १ आली, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. कागदाचा चतकोर पुरे.

फर्माचंच एक प्रमेय सांगतं: मूळ संख्येहून एकाने लहान घातांक घेऊन एखाद्या पायाचा घात केला आणि त्या मूळ संख्येने भागलं, तर बाकी १ उरते (पायाला तिने भाग जात नसेल तर). गंमत अशी, की हेच प्रमेय कसोटी म्हणून वापरलं आणि पाया २ घेतला, तर ही संख्या बिनदिक्कत पास होते. कारण या संख्येने भागल्यावर २^६४ ची बाकी १ येते, आणि कसोटीतल्या घातांकाला, म्हणजे २^३२ ला, ६४ ने भाग जातो. पाया ३ घेतला की मात्र पितळ उघडं पडतं. त्यासाठी ३ चा सलग ३२ वेळा वर्ग करत जायचं आणि दर वेळी बाकीच तेवढी ठेवायची. हातानेही जमण्यासारखं, फक्त कंटाळवाणं.

संगणकात ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या, खणात ही संख्या मावत नाही, वरचा बिट सांडतो आणि उरतो निव्वळ १. त्यामुळे तिथे ६४१ ने भागायचं असेल तर ६७,००,४१७ ने गुणलं तरी चालतं. १,२८२ ला गुणून पाहा, खणात २ उरतात. १,२८३ ला गुणलंत तर मात्र ६७,००,४१९ असं भलतंच उत्तर येतं, कारण ही युक्ती भाग पूर्ण जात असेल तरच लागू पडते.