आईचं सहस्रचंद्रदर्शन राहिलं, ते असं

लग्नात विचारतात, बारशात विचारतात. परवा तर सोलापुरात नव्या पेठेत साडीच्या दुकानात गाठून विचारलं, "आईचं सहस्रचंद्रदर्शन केलंच नाहीत का हो? आबांचं तर केवढं थाटात झालं होतं!" त्यामागचा न विचारलेला प्रश्नही मला ऐकू येतो: पैसे वाचवले की काय? म्हणून एकदाच सांगून टाकते.

पैशांचा प्रश्न नव्हता. आईनं नको म्हटलेलं नव्हतं. नको मी म्हटलं.

आबांना ऐंशी वर्षं दहा महिने झाले, हजार पौर्णिमा भरल्या. तो हिशेब मी मांडला होता आणि हट्टही माझाच होता. ते "कशाला गं एवढं?" म्हणत राहिले. विसर पडायला सुरुवात झाली होती. आधी किल्ल्या, मग औषधं, मग नातवंडांची नावं. मी म्हणायची, त्यांना कळतंय तोवर होऊन जाऊ दे. त्यांच्यासाठीच म्हणत होते, असं तेव्हा मला खरोखर वाटायचं.

विजापूर रोडवरचं कार्यालय, मार्गशीर्षातली गार सकाळ. पुण्याहून, हैदराबादहून सगळे आलेले. दहा वर्षांत तोंड न बघितलेले दोन चुलतभाऊसुद्धा. होम झाला. आईआबांना पाटावर बसवून गुरुजींनी कलशातलं पाणी डोक्यावर घातलं. आबा काकडले. ओलं धोतर, गळ्यात झेंडूचा हार, मंत्र चाललेले, भोवती रिंगण करून माणसं उभी. त्यांनी माझा हात ओढला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "कुणी नाही आबा. तुमचाच कार्यक्रम आहे."

"मग हे सगळे का आलेत?"

यावर काय बोलायचं? हे सगळे एका वेळी आमच्या घरी जमले होते ते आजीच्या दहाव्याला. आबांचं काय चुकलं? ते हार काढायला लागले. रडायला लागले. आणि मी, तुमची ती आदर्श लेक, त्यांचा खांदा दाबून म्हणाले, "गप्प बसा आबा, फोटो चाललेत." गुरुजी थांबले नाहीत. एक्याऐंशी दिव्यांचं ताट आलं, औक्षण झालं, मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जेवणाला शेंगाची पोळी होती. पाचला हॉल रिकामा करून दिला.

ते फोटो चांगले आलेत. तुम्ही पाहिलेत ते तेच. रडू दिसत नाही, पाण्याचे थेंब वाटतात.

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. त्यांना त्या दिवसातलं काही आठवलं नाही. मला आठवतं.

आता तुम्ही मला ऐकवता ती उदाहरणं. पूर्व भागातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी षष्टिपूर्ती झाली, ते पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. नवऱ्यानं पुन्हा मंगळसूत्र बांधलं, पोरांनी आईबापाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी स्वतः तिथं जेवून आले, खोटं कशाला बोलू? पण साठीत माणसाला आपलं काय चाललंय ते कळतं. आमचा भाचा जपानमध्ये आहे, त्याचा दाखला तर उठताबसता. तिथंही साठीचं कौतुक: आपल्या प्रभव ते क्षय संवत्सरांसारखं त्यांचंही साठ वर्षांचं चक्र, ते पुरं झालं की म्हाताऱ्याला बाळासारखं लाल जाकीट नि लाल टोपी घालतात. अठ्ठ्याऐंशीचाही सोहळा असतो, कारण त्यांच्या लिपीत अठ्ठ्याऐंशी जोडून लिहिलं की तांदळाचं अक्षर होतं. सप्टेंबरात ज्येष्ठांच्या नावानं सरकारी सुट्टीसुद्धा. "बघा, म्हाताऱ्यांचा मान!" बरं. तिथलं सरकार शंभरीच्या माणसाला १९६३ पासून चांदीचा पेला देतं. सुरुवातीला देशभरात असे १५३ जण होते. पुढे शंभरीवाले इतके झाले की २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा! मला हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. मान तिथं, आपल्याकडे प्रेम, असंही मी ऐकलंय. प्रेम एवढं होतं तर आईबापाला पोसायला सांगणारा कायदा २००७ मध्ये का करावा लागला?

हे झालं माझं भांडण. मी ते इथंच थांबवलं असतं, तर तुमच्यासमोर बरी दिसले असते.

पण आई चैत्रात ब्याऐंशीची झाली, त्या दिवशी तिनं कपाट उघडलं आणि तळातून एक इरकल काढलं. आंबा रंगाचं, घडी न मोडलेलं. म्हणाली, "हे त्यासाठी ठेवलेलं." मी म्हटलं, "अगं, तू बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तू विचारलंस कुठं? बापाचं तुला बाधलं, त्यात माझा काय गुन्हा?"

आईची बुद्धी अजून तल्लख आहे, अगदी भाजीवाल्याच्या हिशेबातली चूक दाखवण्याइतकी. तिला पाण्याची भीती वाटली नसती. तिनं गर्दीत बसून सगळ्यांची नावं घेतली असती. मी तिला वाचवत होते असं म्हणायचे. कशापासून, ते मला आता सांगता येत नाही. तरीही त्या पाटावर तिला बसवायचं म्हटलं की माझा हात आपोआप खांदा दाबायला जातो. तुम्ही म्हणाल, हा तुझा प्रश्न, आईचा नाही. आईही तेच म्हणते.

मी म्हटलं, "संक्रांतीला गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेला जाऊ, तेव्हा नेस."

ती म्हणाली, "गड्ड्यावर? केवढी धूळ असते तिथं!" आणि इरकल पुन्हा घडीवर घडी घालून खाली ठेवलं.