आकडा छापलेला, आकडा खरा

कोल्हापुरात आमचं कॅमेऱ्याचं लहानसं दुकान आहे. पुढे विक्री, मागच्या खोलीत दुरुस्ती आणि कार्डावरून उडालेले फोटो परत काढून द्यायचं काम. सुट्ट्या संपल्या की मागची खोली भरते. लोक गणपतीपुळ्याहून, केरळहून, हल्ली व्हिएतनामहूनही परततात आणि कार्ड हातात घेऊन थेट आमच्याकडे येतात.

गडहिंग्लजचे सर असेच आले. गणिताचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले, सपत्नीक लडाख करून आलेले. कार्ड कागदाच्या पुडीत होतं आणि पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : लेह, शांती स्तूप, ठिकसे – दिसतात. खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग – दिसत नाहीत.

"पँगाँगला रात्री फार थंडी होती हो. ड्रायव्हर म्हणाला, थंडीनं जातं कार्ड."

थंडीत मान टाकते ती बॅटरी. साधं एसडी कार्डसुद्धा उणे २५ अंशांपर्यंत चालेल अशा बेतानं बनवलेलं असतं. आणि सरांच्या पुडीवरच उत्तर होतं : खारदुंग ला आणि नुब्रा तर पँगाँगच्या आधी झाले होते. मग ते कसे गेले?

कार्डाच्या कडेची खिट्टी लॉकवर सरकवली, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाऊ नये, आणि पूर्ण कार्डाची नक्कल संगणकावर घेतली. मूळ कार्डावर प्रयोग करायचे नाहीत, हा आमचा नियम. फायलींची यादी अगदी ठाकठीक निघाली. नावं, तारखा, वेळा, आकार, सगळं जिथल्या तिथे. पण एका ठरावीक फोटोपुढे प्रत्येक फाईल उघडली की आत नुसती शून्यं. फोटोरेक हा फोटो शोधणारा प्रोग्रॅम लावून पाहिला. यादीवर विश्वास न ठेवता तो कार्डाचा कोपरा न् कोपरा धुंडाळून फोटोंच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. त्या रेषेपलीकडे एकही खूण नाही. बिघडलेल्या कार्डावरचं नुकसान इथे-तिथे विखुरलेलं असतं. इतकी सरळ रेघ पाहिली की मला वेगळाच वास येतो.

कार्डावर छापलं होतं २५६ जीबी. आत होते जेमतेम १६. अशा कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे साठवणीचा कारभार बघणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. साखर कारखान्याच्या रजिस्टरात अडीचशे पोती आणि गोदामात सोळा, तसा प्रकार. कॅमेरा विचारतो, जागा आहे? कार्ड म्हणतं, आहे. कॅमेरा फोटो पाठवतो, कार्ड "मिळाला" म्हणतं आणि टाकून देतं. यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असते, म्हणून ती शाबूत राहते.

"पण फोटो काढल्यावर मागे दिसत होता की!" सर म्हणाले. दिसणारच. टिपल्याक्षणी पडद्यावर येतं ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून, कार्डावरून नव्हे. रात्री मुक्कामावर मागचे फोटो उघडून पाहिले असते तर कळलं असतं, पण नुब्रातल्या हुंदरचे दोन वशिंडांचे उंट पाहून दमून आल्यावर कोण बघतं?

सरांनी खिशातून पेन काढलं. "एका फोटोला जागा किती?" त्यांचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, प्रत्येक फोटो रॉ (कच्चा, मोठा) आणि जेपेग (नेहमीचा, लहान) अशा दोन्ही रूपांत साठवणारा. दोन्ही मिळून सरासरी ३७ एमबी. खरी जागा साधारण १५,६०० एमबी. पुडीच्याच कागदावर त्यांनी भागाकार मांडला. ४२१ आणि काहीतरी. फायली मोजल्या तर शेवटचा धड फोटो चारशेविसाच्या अलीकडे-पलीकडेच निघाला, ठिकसे गोंपाच्या पायऱ्यांवरचा.

"चारशेवीस," सर म्हणाले. "बरोबर आहे."

काकू हसल्या नाहीत. "पँगाँगचा एकसुद्धा नाही का?" जे कधी लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून आणणार? हे वाक्य मला नेहमी जड जातं. फोटो पुसले गेले असतील तर आम्ही रात्र जागून काढतो. इथे काढायला काहीच नव्हतं.

मग सर खालच्या आवाजात म्हणाले, "पावतीवर थंडीनं निकामी झालं असं लिहाल का?" कार्ड पुतण्यानं निवृत्तीची भेट म्हणून दिलेलं. त्यानं हौसेनं ऑनलाइन मागवलं होतं, त्याला वाईट वाटायला नको. मी नाही म्हटलं. माझा सच्चेपणा वगैरे काही नाही. मला वेगळीच शंका होती. असलं स्वस्त कार्ड बऱ्याचदा जोडीनं विकतात.

"एकच घेतलं होतं का त्यानं?"

सर थांबले. "दोन होती. दुसरं त्याच्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात पोरांना घेऊन अंदमानला चाललाय."

फोन काउंटरवरूनच लागला. "हे बघ, त्या कार्डावर काही काढू नकोस. नाही, बिघडलं नाही. मुळातच खोटं आहे. तुझी चूक नाही रे, ऐकून घे." पुतण्या पुण्यात आयटीत. त्याला एचटूटेस्टडब्ल्यू उतरवून घ्यायला सांगितलं. हा फुकटचा प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून ताळा करतो.

सरांना आता नवी कार्डं हवी होती. पुढे हंपी ठरलं होतं. त्यांचा रोख पुन्हा एका मोठ्या कार्डाकडे. मी ६४ जीबीची चार काढली. एकात त्यांचे सतराशेच्या आसपास फोटो बसतात, आणि एक गेलं तरी सगळी सहल जात नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात खाच एकच, त्यामुळे दोन कार्डांवर एकदम लिहायची सोय नाही. लडाखमध्ये तर आपलं प्रीपेड सिमही चालत नाही, फोटो नेटवर चढवणार कुठून? मोठ्या अक्षरातल्या वेगाकडे बघू नका, तो बहुधा वाचनाचा असतो, हेही सांगितलं. लिहिण्याची हमी व्ही या अक्षरापुढच्या आकड्यात. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, त्यांच्या व्हिडिओलाही तेवढं पुष्कळ.

"ही खरी कशावरून?" सरांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. पाकीट, छपाई, होलोग्राम सगळ्याची नक्कल होते. मी पहिलं कार्ड त्यांच्यासमोरच तपासायला लावलं. भरायला अर्धा-पाऊण तास, वाचायला वर थोडा वेळ. चहा झाला, गिऱ्हाइकं येऊन गेली. मध्येच पुतण्याचा फोन आला : त्याचं कार्ड पंधरा जीबीच्या पुढे सगळं चुकीचं दाखवत होतं, तक्रार करून पैसे परत मागतोय.

आमच्या पडद्यावर शेवटी "एकही चूक नाही" आलं. काकू पिशवी घेऊन उठल्या.

"अजून तीन राहिलीत," सर जागचे न हलता म्हणाले. "लावा पुढचं. एसटी काय, तासाला एक आहे."