तुम्ही विचारलंत म्हणून: टाहोला जागा मिळते कशी?

"ऐन जुलैत तुम्हाला टाहो सरोवराकाठी तंबूची जागा मिळते तरी कशी? कुणाची ओळख आहे का?" इथे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, गणपतीच्या जेवणाची रांग लागली की हे ठरलेलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. ओळख नाही, आपोआप बुकिंग करणारा बॉटही नाही.

टाहोकाठच्या नेवाडा बीच कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनं (म्हणजे आपल्या कॅलिफोर्नियाच्या) सकाळी 7 ला उघडतं. पण हे सहा महिने मोजायचे ते पोहोचण्याच्या तारखेपासून. सगळी गोम इथेच आहे.

2026 मधला चार जुलै, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी घ्या. वार शनिवार. तुम्ही शुक्रवारी, 3 जुलैला पोहोचणार, म्हणून 3 जानेवारीला सातच्या ठोक्याला बसता आणि पाण्यालगतच्या जागांच्या प्रत्येक चौकोनात 'आर', म्हणजे 'रिझर्व्ह्ड', दिसतो. मग मला फोन येतो, "साइट बिघडली का हो?" साइट ठणठणीत आहे. ज्यांनी बुधवार, 1 जुलै ते रविवार असा मुक्काम धरला, त्यांचं बुकिंग 1 जानेवारीलाच उघडलं आणि तुमचे शुक्रवार-शनिवार त्यात गेले. थर्टी फर्स्टच्या जागरणानंतर सातला उठायला कुणाला आवडतं? मलाही नाही. पण निकाल त्या सकाळीच लागतो.

लॉगिन 6:50 ला करा, आदल्या रात्रीचं टिकेलच असं नाही. जागांची यादी उघडून बसू नका. हव्या त्या एकाच जागेचं पान उघडा, तारखा टाकून ठेवा. घड्याळ टाइम डॉट गव्ह या सरकारी साइटचं लावा. पाण्यापासून दुसऱ्या ओळीतल्या पाच-सहा जागांचे नंबर कागदावर हवेत, कारण काठावरच्या जागा आधी उडतात. कार्टमध्ये पडलेली जागा 15 मिनिटं तुमची. हुकली तरी 7:15 नंतर पुन्हा बघा. कुणाचे पैसे भरायचे राहिले असतील, तर ती जागा सुटते.

"मग बुधवारपासून घेऊन शुक्रवारीच जाऊ की!" नका. पहिल्या रात्री कुणी आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंतच जागा राखतात. पुढे नो-शो: 20 डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं. बुधवारी एकानं तरी जाऊन राहायला हवं.

असं दोन दिवस आधीपासून धरणं ही पळवाट आहे, असंही ऐकवतात. नियमात बसते. तरी टोचते, कारण रजा टाकता येणाऱ्यालाच ती परवडते. 'लवकर उठेल त्याला मिळेल' असं मी पूर्वी ठासून सांगायचे. सातला ड्यूटीवर असलेल्या नर्सनं काय करायचं, याचं उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्यापेक्षा जागा लॉटरीनं वाटाव्यात म्हणावं, तर मग तीन कुटुंबांना शेजारी-शेजारी जागा मिळायच्या कशा? आणि खरं सांगू, लॉटरी आली तर सगळ्यात आधी मीच कुरकुरेन.

जानेवारी हुकला असेल, तर साइटवर त्या कॅम्पग्राउंडसाठी उपलब्धतेची सूचना लावून ठेवा. रद्द करायला 10 डॉलर पडतात, पण पोहोचण्याच्या आदल्या दिवशी रद्द केलं तर वर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून शुक्रवारची जागा सोडणारा शहाणा माणूस ती बुधवारपर्यंत सोडतो. त्या बुधवारी फोन हातात ठेवा. मला करू नका, मीही तेच बघत असते.