सिग्नलची वही, भाग ४: चोर ५जी नव्हताच

मागच्या भागात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ५जी बंद केलं की आमच्या स्वयंपाकघराचा प्रश्न (तिथे फोनवरचं बोलणं तुटतं) सुटेल. नाही सुटला. तीन आठवडे माझा आणि बायकोचा, दोन्ही फोन ४जीवर ठेवले, तरी सासूबाईंचा प्रश्न तोच: "जावईबापू, तुम्ही बोगद्यातून बोलताय का?"

त्या प्रश्नातच खरी मेख होती आणि मी तीन भाग तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू यायचं. तुटायचं ते आमचं. म्हणजे टॉवर ते फोन ठीक, फोन ते टॉवर गंडलेलं. फोनवरच्या काड्या फक्त टॉवरकडून काय येतंय ते दाखवतात, आपला आवाज तिकडे पोचतोय की नाही ते नाही. दोन काड्या बघून मी निर्धास्त होतो.

तर रविवारी दुपारी शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: जुना फोन कपाटातून काढून, तेच सिम घालून, त्याच ओट्यावर ठेवला. माझं सिम मी हौसेने ईसिम (फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं) करून बसलोय (भाग २ मधली घोडचूक, पुन्हा उगाळत नाही), त्यामुळे बायकोचं काढावं लागलं. सिमची पिन अर्थातच सापडली नाही. तिच्या कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडला. ती म्हणाली, "वाकवलंस तर नवीन घ्यावं लागेल, आणि ते सोन्याचं असेल."

फोन कोणत्या बँडवर (फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर) आहे ते दाखवणारं नेटमॉन्स्टर अ‍ॅप दोन्हीवर चालू केलं. पोळपाटाशेजारी, एकाच जागी, पाच-पाच मिनिटं. नवा फोन: बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झ), आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, −११७ (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). जुना फोन: बँड ८ (९०० मेगाहर्ट्झ), −१०४.

मी आधी चुकीचं वाचलं असं वाटून पुन्हा मोजलं. तेच. १३ डीबीचा फरक, म्हणजे ताकदीत वीसपट. दोन्ही सेलची (टॉवरवरून त्या त्या बँडवर प्रसारण करणाऱ्या यंत्रणांची) पॉवर सारखी असेलच असं नाही, म्हणून हिशेब तंतोतंत धरू नका, पण ९०० आणि २३०० मेगाहर्ट्झमध्ये मोकळ्या हवेतच सुमारे ८ डीबी जातात. उरलेले आमच्या भिंतींनी खाल्ले असं मी धरतो. आमची बिल्डिंग मायव्हनची आहे, म्हणजे विटा नाहीतच, आतल्या भिंतीसुद्धा सळ्यांची जाळी घालून ओतलेलं काँक्रीट. घड्याळ टांगायला हॅमर ड्रिल लागतो, तिथे सिग्नलची काय कथा. त्यात हॉल रस्त्याकडे, टॉवरही तिकडेच, आणि स्वयंपाकघर डोंगराकडे. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलातून बिबट्या येईल, सिग्नल यायचा नाही.

मग प्रश्न असा, की जुन्या फोनने शहाणपणा करून ९०० का निवडला? त्याने काहीच निवडलं नव्हतं! माळ्यावरून खोका काढला, मॉडेल नंबर बघितला. मेहुण्याने न्यू जर्सीहून आणलेले आमचे ते दोन जुने फोन अमेरिकी मॉडेलचे, आणि त्यांच्या यादीत बँड ४० नाहीच. आमची चार वर्षं सुखात गेली ती फोन अर्धवट होता म्हणून.

नव्यात सगळे बँड आहेत, आणि नेटवर्क त्याला सांगतं की २३०० ला आधी प्राधान्य दे. कंपनीच्या बाजूने ते बरोबर आहे, तिथे जागा जास्त, गर्दी मावते. फोन तिथून खाली ९०० वर तेव्हाच उतरतो जेव्हा सिग्नल ठरलेल्या पातळीखाली जातो, आणि आमचं स्वयंपाकघर त्या पातळीच्या जेमतेम वर लटकलेलं. शिवाय बँड ४० टीडीडी आहे: एकच फ्रीक्वेन्सी, वेळ वाटून घेतलेली, आणि त्या वाटणीत फोनला बोलायला थोडाच वेळ मिळतो. बोगदा तिथे होता.

सेल नंबर, वेळा, स्क्रीनशॉट, सगळं जोडून कंपनीकडे तक्रार टाकली. ती पातळी त्यांनाच बदलता येते. दुसऱ्या दिवशी मेसेज: तुमची तक्रार निवारण झाली आहे. कसली, ते विचारू नका.

आता बँड लॉक, म्हणजे फोनला नको तो बँड वापरूच न देणं. बायकोचा फोन मीडियाटेक चिपचा, त्यात *#*#३६४६६३३#*#* ने इंजिनियर मोड उघडला (बऱ्याच कंपन्या तो बंद करून देतात, आमचं नशीब). बँड मोडमध्ये ४० वरची टिक काढली, फोन लगेच बँड ८ वर, −१०३. मी ओट्यापाशी उभं राहून सासूबाईंशी अकरा मिनिटं बोललो. लग्नानंतरचा माझा विक्रम. बोगद्याचा विषय निघाला नाही.

आनंद रात्री साडेदहापर्यंत टिकला. फोन रीस्टार्ट झाला आणि टिक पुन्हा जागेवर. शिवाय लॉक असताना हॉलमध्येही रील अडकत होते, आणि घरात त्याची तक्रार सिग्नलपेक्षा मोठ्या आवाजात होते. माझ्या फोनमध्ये तर हा मेनूच नाही. *#*#४६३६#*#* वाल्या मेनूत नेटवर्कचा प्रकार (४जी, ५जी वगैरे) बदलतो, बँड नाही. रूट करून (फोनची कुलपं तोडून) मोडेमशी खेळायचा सल्ला आलाय, पण फोनचे हप्ते अजून चालू आहेत.

आणि ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) सिग्नल वाढवणारा बूस्टर आणायला सांगितलं त्यांना हात जोडून: नको. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि स्वस्तातला डबा टॉवरच्या कानात इतका गोंगाट करतो की माझं स्वयंपाकघर सुधारायच्या नादात अख्ख्या गल्लीचे फोन बोगद्यात जातील.

म्हणून वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल. ते दोन्हीवर चालूच होतं, पण −११७ ला फोनला वाटतं मोबाइल सिग्नल आहे की, वायफायवर कशाला जाऊ. बायकोच्या फोनमध्ये "वायफायला प्राधान्य" हा पर्याय सापडला, माझ्यात नुसतं चालू-बंद. आणि राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन मायव्हन भिंती, ओट्यापाशी वायफायचीही दमछाक. मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) घ्यायचा बेत होता, दोन डब्यांचा सेट कार्टमध्येही पडलाय.

हे लिहिता लिहिता वाटतंय की मेश कशाला? त्याचे डबेही एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलणार. त्यापेक्षा टीव्हीमागून पॅसेजपर्यंत एक लॅनची वायर ओढली आणि जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरवरचं नेट तिथे वायफायने देणारा) करून शू-रॅकवर ठेवला, तर तिथून ओट्यापर्यंत मध्ये फक्त दाराची चौकट. १५ मीटर वायर आणि १२ व्होल्टचे दोन छोटे यूपीएस, कारण लाइट गेली की वायफायसकट फोनही जाईल, आणि सासूबाई नेमक्या तेव्हाच करतात.

सेट कार्टमधून काढला. शनिवारी वायर ओढतो. मानपाडा, कासारवडवली भागात मायव्हनमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या ओट्यावरचे बँड आणि आकडे टाका. आणि कोणाकडे ड्रिलचा १२ एमएमचा लांब बिट असेल तर दोन दिवस हवाय.